बाळंतपणं किती, पोरं किती

नसरीनचा टॅब ओढ्यात पडावा, असं मला एका पावसाळ्यात मनापासून वाटत होतं. टॅब म्हणजे आमचं माहिती भरायचं यंत्र, शाळेच्या पाटीएवढं. ते पडावं, तिनं भरलेली सगळी पत्रकं वाहून जावीत आणि निदान आठवडाभर तरी देशमाने सरांच्या तोंडी तिचं नाव येऊ नये. तेव्हा मी चौपन्न वर्षांची होते आणि ती सत्तावीसची. माझी नोकरी कायमची होती, तिची सहा-सहा महिन्यांच्या कराराची. माझ्याकडे तिच्यापेक्षा सगळंच जास्त होतं. तरी हेवा मी करत होते, ती नाही. त्या हेव्यापायी मी काय केलं आणि त्यातून काय झालं, ते आता निवृत्त झाल्यावर लिहायला हरकत नाही.

आधी काम काय ते सांगते. खालापुरात मला अजून लोक 'जनगणनेच्या बाई' म्हणतात, आणि जनगणनेत मी कधीच नव्हते. मी घरोघरी सर्वेक्षण करणाऱ्या एका संस्थेत अन्वेषक होते. शब्द भारदस्त आहे, पण काम साधं. यादीत आलेल्या घरी जायचं, बसायचं, विचारायचं आणि मिळालेलं उत्तर लिहायचं. घर आपण निवडायचं नाही, यादी वरून येते. त्या घरी कुत्रं असलं, म्हातारा खेकसणारा असला तरी तिथंच जायचं, शेजारी चहा चांगला मिळतो म्हणून तिथं बसून यायचं नाही. कुलूप असेल तर तीनदा जायचं. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतली अशी किती दारं मी वाजवली याचा हिशेब मी ठेवला नाही, पण दोन्हीकडच्या एसटी कंडक्टरांना माझा थांबा विचारावा लागत नसे.

सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही फक्त मिळकत आणि खर्च विचारत होतो. नंतर नवं पत्रक आलं. देश पुढे सरकला की नाही ते नुसत्या मिळकतीवरून कळत नाही, असं वर कुठंतरी ठरलं होतं. म्हणून आता विचारायचं ते असं: पिण्याचं पाणी आणायला जाऊन-येऊन किती वेळ लागतो. मुलांना वाचता येतं का. शाळेत नाव आहे का एवढंच नव्हे. बाईला दवाखान्यात एकटीला जाता येतं का. घरातलं कुणी दगावलं का. प्रशिक्षणात आम्हाला हे दोन दिवस समजावून सांगितलं, पण मला ते पटलं दोन घरांमुळं.

पहिलं घर कर्जतजवळचं, नदीकाठचं फार्महाउस. फाटक, माळी, पोहायचा तलाव. मालक मुंबईत राहणारे. फोनवर म्हणाले, "बाई, आमच्याकडं कसला विकास मोजताय? तो होऊन गेलाय." पण मालक त्या घरात राहत नव्हते, त्यामुळं नियमानं ते पत्रकात बसत नव्हते. पत्रकात बसत होतं राखणदाराचं कुटुंब, जे पंपाच्या खोलीमागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचं. राखणदाराच्या बायकोला विचारलं, प्यायचं पाणी कुठून आणता? ती म्हणाली, "वस्तीवरच्या हिरीवरनं. हितलं पानी औषदाचं असतं, त्यात सायेबलोक पवतात." जाऊन-येऊन अर्धा तास. मी अर्धा तास असं लिहिलं, आणि माझ्या पाठीमागं तलावात पाला गोळा करणारं यंत्र आपलं आपण फिरत होतं.

दुसरं घर खालापूरच्याच अंगाचं, टोलनाक्याच्या अलीकडचं. जमीन विकून बांधलेला तीन मजली बंगला, दारात दोन गाड्या. सुनेला विचारलं, दवाखान्यात एकट्या जाता का? तिनं सासूकडं बघितलं आणि म्हणाली, "जाते की." सासू चहाचं बघायला आत गेली तशी ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, ते नाय असं लिवा. गाड्या दोन हायेत, पन इचारल्याबिगर मला फाटकाभायेर जाता येत नाय." जुन्या पत्रकात हे घर तालुक्यातल्या पहिल्या दहांत आलं असतं.

हे सगळं मला छान जमत होतं, असं मी समजत होते. दिवसाला सहा घरं. माझ्या पत्रकात एकही रकाना कोरा नसायचा, वयं आणि जन्मसालं जुळलेली असायची. आमचे पर्यवेक्षक देशमाने सर नव्या मुलांना माझी पत्रकं दाखवायचे. "शैलाताईंसारखं भरा," म्हणायचे. अकरा वर्षं मी हे ऐकत आले, आणि माणसाला अशा गोष्टीची सवय फार लवकर लागते.

मग नसरीन आली. चौकजवळच्या लोधिवलीची. वडिलांचा बेकरीच्या मालाचा टेंपो होता, भावाचं मंडपाच्या सामानाचं दुकान. बारीक अंगाची, डोक्यावर ओढणी, पायात पुरुषी सँडल. ती दिवसाला जेमतेम तीन-चार घरं करायची. सुरुवातीला सर तिच्यावर चिडायचे आणि मी मनातल्या मनात खूश व्हायचे. एका बैठकीला मुंबईच्या मुख्य कार्यालयातल्या बाई आल्या. पत्रकाच्या तळाशी शेऱ्याचा एक रकाना असतो, त्यात मी वर्षानुवर्षं 'माहिती दिली' असं लिहीत आले होते. त्या बाईंनी नसरीनचा एक शेरा सगळ्यांसमोर वाचून दाखवला. 'शौचालय आहे. त्यात सरपण ठेवतात, कारण पाणी डोक्यावर आणावं लागतं आणि ते प्यायलाच पुरत नाही.' बाई म्हणाल्या, "असं हवं. नाहीतर आपण नुसतं 'आहे' लिहून मोकळे होतो."

शौचालय 'आहे' असं लिहून मोकळी होणारी त्या खोलीत कोण होती, ते सरांना माहीत होतं आणि मलाही. सगळ्यांबरोबर मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला आता थोडं हसू येतं. टॅब चार्जिंगला लावलेले असताना मी तिचे शेरे वाचायला लागले. मग मीही तीन-तीन ओळींचे शेरे लिहायला लागले. पंधरा दिवसांनी सर म्हणाले, "शैलाताई, शेरा जरा थोडक्यात लिहीत जा. तुमच्या शेऱ्यात पत्रकातलंच पुन्हा येतंय." ती दिवसभर भटकून आली तरी प्रत्येक घरातलं कुणीतरी तिच्या पिशवीत काहीतरी टाकलेलं असायचं, दोन कैऱ्या, पावशेर करवंदं. माझ्या पिशवीत फक्त माझा डबा असायचा. एवढ्या वर्षांत मला कुणी करवंदं का दिली नाहीत, हा प्रश्न मला त्याआधी कधी पडला नव्हता.

त्याच पावसाळ्यात माथेरानच्या पायथ्याच्या दोन ठाकरवाड्या आमच्या यादीत आल्या. नावं लिहीत नाही. एक वरची, एक खालची, मधे ओढा. दोन्ही वाड्यांतले पुरुष डोंगर चढून माथेरानच्या हॉटेलांत कामाला जातात, काही हातरिक्षा ओढतात. पावसाळ्यात वर धंदा नसतो, तेव्हा ते घरी असतात. खालची वाडी माझ्याकडे आली, वरची नसरीनकडे. मी माझी घरं तीन दिवसांत संपवली. तिला आठ दिवस लागले.

त्यानंतर सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. समोर दोन्ही वाड्यांचे तक्ते होते.

"मधे एक ओढा," सर म्हणाले. "माणसं तीच, खाणं तेच, दवाखाना एकच. शैलाताईंच्या वाडीत पाच वर्षांत एकही मूल दगावलेलं नाही. तुझ्या वाडीत चार घरांत. दोन्ही खरं कसं असेल?"

नसरीन म्हणाली, "सर, मला जे सांगितलं ते मी लिवलं."

ती बाहेर गेली. मी थांबले. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि मी म्हणाले, "करारावरची मुलं, सर. कधीकधी नजरेत भरावं म्हणून..." पुढचं मी बोलले नाही. अर्धं वाक्य बोलण्यात सोय अशी असते की उरलेलं समोरचा माणूस स्वतःच पुरं करतो, आणि आपण काही म्हटलंच नाही असं आपल्याला वाटत राहतं.

दुसऱ्या दिवशी नसरीनचा टॅब जमा करून घेतला. तिच्या घरांची फेरतपासणी ठरली. फेरतपासणी म्हणजे दुसऱ्या माणसानं त्याच घरी जाऊन तेच मोजके प्रश्न पुन्हा विचारायचे. त्या कामाला तिसराच माणूस पाठवायचा असतो. मी म्हणाले, "मला वाट माहीत आहे, मीच जाऊन येते." सर हो म्हणाले.

वरच्या वाडीत मी पहिल्यांदा गेले ती हिरी नावाच्या बाईकडे. हिरी असेल तिशीची. ओटीवर बसून टाकळ्याची पानं खुडत होती. नसरीनच्या पत्रकात तिच्या घरी एक मूल दगावल्याची नोंद होती. मी पत्रकातला प्रश्न जसाच्या तसा वाचला, "गेल्या पाच वर्षांत घरातलं कुणी माणूस दगावलंय का?"

"नाय," हिरी म्हणाली.

मला आनंद झाला. दुसरा शब्द त्याला नाही. एका बाईच्या दारात बसून, तिचं मूल गेलं नाही म्हणून नव्हे, तर नसरीन सापडली म्हणून मला आनंद झाला. दुसऱ्या घरीही 'नाय'. मी दोन्हीकडं 'नाही' असं नोंदवलं आणि तिसऱ्या घरी गेले. तिथं जनीबाई म्हणून एक म्हातारी होती. मी प्रश्न वाचला. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"त्या पोरीनं आसं नव्हतं इचारलं."

"मग कसं विचारलं?"

"तिनं इचारलं, आजी, तुझी बाळतपनं किती झाली. मी म्हनलं सात. मंग म्हनली, त्यातली पोरं किती हायेत. मी म्हनलं चार. मंग ती काय बोलली नाय. गप बसून ऱ्हायली. मंग मीच सांगितलं. माझं जुनं झालं, पन सुनेचंबी सांगितलं, तिचं तर परवाचंच हाय."

"पण हिरी तर आत्ता मला नाही म्हणाली."

"तू मानूस इचारलास ना," जनीबाई समजावून सांगावं तशा म्हणाल्या. "पाच दिसांचं पोर, बारसं नाय, नाव नाय. त्याला मानसांत कोन धरतं? नाव नाय त्याचं काय म्हनून सांगायचं?"

मी उठले आणि परत हिरीकडे गेले. ती अजून टाकळाच खुडत होती. मी टॅब पिशवीत टाकला आणि विचारलं, "हिरी, बाळंतपणं किती झाली तुझी?"

"तीन."

"पोरं किती?"

"दोन."

मग मी गप्प बसले. हे मला नवीन होतं. मला गप्प बसण्याची सवय नव्हती, पुढचा प्रश्न तयारच असायचा. हिरीनं आणखी थोडी पानं खुडली.

"मुलगा व्हता," ती म्हणाली. "ताप आला. खाली न्यायला घेतला, पन वड्याला पानी व्हतं. पानी उतरंस्तोवर आमी अलीकडंच बसलो." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या पोरीला सांगितलं तवा ती रडली नाय, त्ये बरं झालं. ती रडली आसती तर मला तिचंच करावं लागलं आसतं."

मी 'नाही' खोडून 'हो' केलं. दुसऱ्या घरीही परत गेले, मग राहिलेल्या चौथ्या घरी; तिथंही तेच झालं. नसरीनची चारही घरं बरोबर होती.

परत येताना ओढ्याच्या अलीकडं मी बराच वेळ उभी राहिले. खाली माझी वाडी दिसत होती, जिच्यात माझ्या तक्त्याप्रमाणं एकही मूल गेलं नव्हतं. सरळ रस्त्यानं जाऊन कर्जतची बस पकडता आली असती. पण पाय खालच्या वाडीकडं वळले. बुधी म्हणून एक बाई होती. महिन्याभरापूर्वी मी तिच्या ओटीवर बसून तिचा कोरा चहा प्याले होते आणि तिचा नवरा शेजारी बसून सगळी उत्तरं देत होता. आज तो पावसातही काही काम मिळतं का बघायला वर माथेरानला गेला होता.

"बुधी, बाळंतपणं किती झाली गं?"

"चार."

"पोरं?"

"दोन हायेत."

"मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंस?"

बुधीला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "तू इचारलंस कुटं?" ती म्हणाली. "आन तुला घाई व्हती."

मी माझी आणखी चार घरं केली. बुधी धरून पाच घरांपैकी तीन घरांत मूल गेलेलं होतं. बारशाआधीचं.

घरी आल्यावर मी फेरतपासणीचा अहवाल लिहिला. नसरीनची माहिती बरोबर आहे, असं स्वच्छ लिहिलं. खालच्या वाडीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ते कुणी विचारलंच नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. खालची वाडी चुकली म्हटलं की तिच्याआधीच्या सगळ्या वाड्या चुकल्या. हाच प्रश्न, ह्याच शब्दांत, ह्याच घाईनं मी किती ओट्यांवर वाचला होता. आणि हे सगळं मान्य करायचं ते नसरीनसमोर, हे तर मला अजिबातच नको होतं.

सरांनी अहवाल वाचला. "म्हणजे खालची वाडी खरंच सुधारलेली म्हणायची," ते म्हणाले.

"असेल," मी म्हणाले.

तोवर नसरीनच्या कराराची मुदत संपली होती. नवा करार पुढच्या यादीबरोबर निघायचा होता, त्यामुळं ती घरीच बसून होती. चौकच्या बाजारात एक ओळखीची बाई मला म्हणाली, "तुमच्या हापिसातली ती पोरगी, खोटं लिवलं म्हनून काढली ना?" मी म्हणाले, "नाही हो, तसं काही नाही." पण ते बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्या बाईला ते 'हो'सारखंच ऐकू गेलं असेल.

असे तीनेक आठवडे गेले. एक दिवस सर खुशीत आले. आमच्या तक्त्यांवरून एक चांगली गोष्ट झाली होती. वरच्या वाडीत आठवड्यातला एक दिवस ठरवून नर्सबाई येणार होत्या, पोटुशा बायका आणि तान्ही बाळं तपासायला. "आपल्या कामाचा असा उपयोग झालेला फार कमी वेळा दिसतो," सर म्हणाले.

"आणि खालच्या वाडीत?" मी विचारलं.

"तिथं कशाला? तिथं गरज नाही. तुमचाच तक्ता आहे."

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. दुपारी चौकची बस धरली, तिथून लोधिवलीला गेले.

नसरीनचं घर जुन्या हायवेपासून आत आहे. तिच्या अम्मीनं दार उघडलं, आग्रहानं आत बसवलं, चहाबरोबर टेंपोतली खारी ठेवली. नसरीन भावाच्या दुकानातल्या पडद्यांना कड्या शिवत बसली होती. तिनं शिवण बाजूला ठेवलं. "ताई, तुमी कशा काय आलात?" तिच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता, आणि पुढचं बोलणं त्यामुळं फार जड गेलं.

मी सगळं सांगितलं. सरांशी बोललेलं अर्धं वाक्य, हिरीचं 'नाय' ऐकून वाटलेला आनंद, बुधीचं घर, अहवालात न लिहिलेली खालची वाडी. तिनं मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर एवढंच विचारलं, "का पन?"

"हेवा वाटला तुझा."

"माझा?" ती म्हणाली. तिनं त्या खोलीकडं एकदा बघितलं, शिवायच्या पडद्यांच्या ढिगाकडं बघितलं. अम्मी आतून विचारत होत्या, साखर बरोबर आहे का. मी हो म्हणाले.

मग नसरीन म्हणाली, "चहा घ्या. निवला तो. आन उद्या सरांना सांगा. मला सांगून काय उपेग?"

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी दार लावून घेतलं, चष्मा काढला. "अकरा वर्षं मी मुलांना तुमची पत्रकं दाखवली," ते म्हणाले. तेवढंच. मला त्यांनी नंतरही कधी बोल लावला नाही, पण माझं पत्रक पुन्हा कुणाला दाखवलंही नाही.

खालची वाडी पहिल्यापासून पुन्हा करायची ठरली, नसरीनला बोलावून. तिनं एक अट घातली. शैला मॅडमनी बरोबर यायचं. विचारेन मी, त्यांनी बसायचं. सरांनी मला अट सांगितली तेव्हा माझ्या आधी लक्षात आला तो 'मॅडम' हा शब्द. तोवर तिनं मला कायम ताई म्हटलं होतं. त्यानंतर आजपर्यंत तिनं मला ताई म्हटलेलं नाही.

भाद्रपद लागला होता. बायका बाजारासाठी कंटोळी निवडत बसल्या होत्या. नसरीन जाऊन त्यांच्यात बसली, तिनं पिकलेली बाजूला काढायला सुरुवात केली. टॅब पिशवीत. मी इतके दिवस समजत होते की ही पोरगी गोड बोलून लोकांना गुंडाळत असणार. ती गोड बोलत नव्हती. खरं तर फार बोलतच नव्हती. कुणाचा नवरा जवळ येऊन बसला की ती त्याला पाण्याचं, रस्त्याचं विचारायची, आणि तो कंटाळून उठेपर्यंत थांबायची. मग बाळंतपणं किती, पोरं किती. दोन आकड्यांत फरक आला की हातातली कंटोळी निवडत राहायची आणि समोरची बाई बोलेपर्यंत मान वर करायची नाही. बस्स. एवढंच. कुणालाही शिकता येण्यासारखं होतं, आणि मी ते शिकले नव्हते. तिच्या शेजारी बसून बघताना मला इतका हेवा वाटला, की आधीचा सगळा हेवा त्यापुढं पोरकट वाटला. आधी मला तिचं नाव झालेलं खुपत होतं. आता मला तिचं काम हवं होतं.

बुधीनं तिला दोन्ही बाळांचं सांगितलं. मला सांगितलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. दुसरं बाळ मुलगी होती आणि तिच्या कानाला जन्मतःच बारीक भोक होतं, हेही सांगितलं. ते लिहायला पत्रकात जागा नव्हती. नसरीननं ते शेऱ्यात लिहिलं.

पूर्ण वाडीला बारा दिवस लागले. नवा तक्ता गेला आणि खालच्या वाडीचं नाव नर्सबाईंच्या यादीत आलं. प्रश्नाचे शब्दही बदलले; आता आमच्या संस्थेत तो प्रश्न नसरीन विचारायची तसाच विचारतात. माझ्या जुन्या वाड्यांचं काय, हे मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, ती माहिती छापून, बांधून कधीच पुढं गेली, आता तिला हात लावता येत नाही. मला त्या वाड्यांची नावं पाठ आहेत. नसरीन पुढं प्रशिक्षक झाली आणि दुसऱ्या जिल्ह्यात गेली. तिच्या नेमणुकीची बातमी आली तेव्हा मी पेढे आणले, सगळ्यांना वाटले आणि संध्याकाळी घरी येऊन कुणाशी बोलले नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी काही काम नसताना खालच्या वाडीत गेले. नर्सबाईंचा दिवस मुद्दाम विचारून गेले. समाजमंदिराच्या ओट्यावर वजनकाटा टांगला होता, खाली पंधराएक बायका बसल्या होत्या, मांडीवर बाळं. एक नवी सून मला बघून शेजारणीला म्हणाली, "ह्या कोन गं?"

शेजारणीनं माझ्याकडं निरखून बघितलं. "ती नसरीन यायची बघ, कंटोळी निवडायला बसायची. तिच्यासंगट यायच्या त्या."

सून माझ्याकडं वळली. "नसरीनच्या संगटच्या का तुमी?"

मी हो म्हणाले. तिनं सरकून मला जागा करून दिली आणि बाळाची दुपटी नीट करायला हात मोकळे हवेत म्हणून बाळ माझ्या मांडीवर दिलं.